झऱ्याकाठच्या सहा पुंगळ्या

"सांतोसने माझ्या नवऱ्याला मारलेलं नाही!" माइटे इरिबार्नने टेबलावर मूठ आपटली, तशी क्लेटच्या कपातली कॉफी हिंदकळली. "अकरा दिवस कोठडीत सडतोय तो. पेरूहून आलेला मेंढपाळ, जवळ अडतीस बोअरचं रिव्हॉल्व्हर. झाला शेरीफचा तपास!"

वर्ना टटलने वही उघडली. नेवाडाच्या त्या कोपऱ्यात खाजगी गुप्तहेर ती एकटीच. तिचा बाप बंदुका दुरुस्त करायचा. क्लेट तिचा धाकटा दीर. गाडी हाकायला आणि चुकीचे तर्क लढवायला कायम हजर.

"बार ऐकलेत?"

"सहा. लागोपाठ. श्वास घ्यायलाही थांबला नाही मेला! धावत गेले, तर बेनाट झऱ्यापाशी पडलेला."

"वैर कुणाशी?"

"त्याच्या भावाशी, पेयोशी. पेयोला झऱ्याचं पाणी खाणीला द्यायचं होतं. पण त्याच्याकडे मॅग्नम आहे, अडतीसहून दणकट बंदूक. तिच्या आवाजाने घोडी कुंपण तोडायची. महिनाभर तो कोठारामागे डबे उडवतोय, आणि हल्ली घोडी मानसुद्धा वर करत नाहीत. सवय झाली असेल."

कचेरीत शेरीफ हॉलिसने झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांची पिशवी टेबलावर टाकली. "अडतीसच्या सहा. झऱ्याकाठी, एका ठिकाणी."

"प्रयोगशाळा काय म्हणते?"

"तिला दोन महिने लागतात. हवीय कशाला?"

वर्नाने सांतोसचं छोटं रिव्हॉल्व्हर उघडलं, चक्रातल्या काडतुसांच्या पाचही घरांत डोकावून पाहिलं आणि परत केलं.

पेयो कोठारापाशीच भेटला. "अडतीस?" तो थुंकला. "उभ्या आयुष्यात विकत घेतली नाही. हिच्यात फक्त मॅग्नमचीच काडतुसं जातात."

"भरून दाखव."

काडतूस नखभर बाहेरच अडलं. पेयोने शिव्या देत अंगठ्याने रेटलं. दुसरंही तसंच. "जुनी झालीय," तो पुटपुटला.

गाडीत क्लेट म्हणाला, "वहिनी, पेयो सुटला. त्याच्याकडे अडतीस नाहीच."

वर्नाने दार धाडकन लावलं. "चल तू."

दुसऱ्या सकाळी तिच्या सांगण्यावरून शेरीफने पेयोला मॅग्नमसकट बोलावलं. माइटेही आली.

"हॉलिस, सांतोसच्या चक्रात घरं किती?"

"सहा. असतात तेवढी."

"मोज!"

हॉलिसने मोजली. त्याचे कान लाल झाले.

"पाच!" वर्ना कडाडली. "आणि बार लागोपाठ सहा! अकरा दिवस हे तुझ्या खणात आहे, आणि तुला पाचपर्यंत मोजता आलं नाही?"

"मग सहाचं कुणाचं?" क्लेटने विचारलं.

"मॅग्नमचं. अडतीसची गोळी तितक्याच जाडीची असते, फक्त पुंगळी आखूड. मॅग्नममध्ये ती खुशाल उडते. दणका कमी, म्हणून घोडी शांत! पण आखूड पुंगळी घराच्या टोकाला पोचत नाही. तिच्या तोंडापुढे काजळी आणि शिसं साचून कडं धरतं. महिनाभर सराव केलास ना पेयो? त्या कड्यावरच काल तुझी लांब काडतुसं अडली. नळी पुसलीस, घरं विसरलास."

तिने मॅग्नमच्या चक्रात बॅटरीचा झोत टाकला. सहा घरांत सहा काळी कडी.

"आणि रिव्हॉल्व्हर पुंगळ्या आपणहून टाकत नाही. तू त्या मुद्दाम ओतल्यास. सांतोस अडकावा म्हणून."

"पाणी माझंही होतं!" पेयो ओरडला. "जन्मभर त्याचंच ऐकायचं?"

माइटेने त्याच्या थोबाडीत मारली. कुणी तिला अडवलं नाही.

सांतोसला बाहेर आणलं. हॉलिसने हात पुढे केला. सांतोसने टेबलावरचा फोन त्याच्याकडे सरकवला. "मी खुनी आहे हे माझ्या आईपर्यंत पोचलंय. आता तिला खरं सांग."

"मला स्पॅनिश येत नाही."

"बेड्या घालताना कुठे अडलं होतं?" माइटे म्हणाली.

सांतोसने नंबर फिरवला आणि एकेक शब्द सांगत गेला. हॉलिस अडखळत बोलला : चूक माझी. तुमचा मुलगा निर्दोष आहे.

पलीकडून रडणं ऐकू आलं. हॉलिसने रिसीव्हर पुढे केला. सांतोसने तो घेतला नाही.

"पुन्हा," तो म्हणाला.