वादीच्या अलीकडे

उर्वीने गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की डॅशबोर्डवरची पाण्याची बाटली खाली पडली.

"चल, निघ आता! पाऊण तास, नूरैन... पाऊण तास मी उन्हात उभी आहे. आणि बाबांचा फोन आला तर सांग, माझ्यावर वीज पडली!"

एवढं बोलून तिने बाजूला पाहिलं. स्टिअरिंगवर तिची मैत्रीण नूरैन नव्हती. नूरैनचा नवरा अरहमही नव्हता. एक सावळा, दाढी वाढलेला तरुण हातात पराठा धरून बसला होता. पराठ्यात चीज आणि चुरलेले चिप्स होते, आणि त्याचा घास अर्ध्यावरच थांबला होता.

"कुठे पडली म्हणून सांगू?" त्याने शांतपणे विचारलं. मराठीत.

"तुम्ही... तुम्ही या गाडीत काय करताय?"

"मी? नाश्ता."

उर्वीने काचेतून बाहेर पाहिलं. मस्कतच्या बसने तिला सोडलं होतं त्या इज्कीच्या पेट्रोल पंपावर तशाच पाच पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या. अर्ध्या ओमानकडे तीच गाडी, त्याच रंगाची. तिचे कान तापले. चूक आपली आहे हे कळल्यावर तिला नेहमी जास्तच राग येई.

"गाडी लॉक करत जा," ती म्हणाली आणि उतरायला वळली. तेवढ्यात फोन वाजला.

"अगं उर्वी, सॉरी, सॉरी," पलीकडे नूरैन रडवेली झाली होती. "बाळाला तीनदा उलटी झाली. आम्ही परत घरी, इब्राला चाललोय. पुढच्या वेळी नक्की..."

पुढच्या वेळी! उर्वीने फोन बंद केला. समोर, डोंगरांच्या मागून, ढग वर चढत होते... फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे, पांढरेशुभ्र, एकावर एक. मस्कतच्या अल हैल भागातल्या घराच्या गच्चीवरून लहानपणापासून ती हे ढग पाहत आली होती. दर उन्हाळ्यात दुपारी ते डोंगरावर जमत, मावळतीला त्यांच्या पोटात विजा लुकलुकत, आणि अल हैलवर थेंबही पडत नसे. "बाबा, तिकडे जाऊ या ना," असं ती म्हणायची. "पुढच्या वर्षी," असं बाबा म्हणायचे.

तिची नजर डॅशबोर्डवर गेली. वारा मोजायचं एक छोटं यंत्र, आणि फोनवर ढगांचा उपग्रहावरून घेतलेला फोटो.

"तुम्ही ढगांच्या मागे चाललाय?"

"दर सुट्टीत जातो. मी जितेश. दुक्म बंदरावर क्रेन चालवतो."

"मला घेऊन चला."

"तुम्ही आत्ता उतरत होतात."

"आता नाही उतरत."

तिने त्याचं रेसिडेंट कार्ड मागून घेतलं, फोटो काढला आणि फोन नंबरासकट नूरैनला पाठवला. गाडीच्या नंबराचाही फोटो काढला. त्याने मुकाट्याने सगळं करू दिलं. वर विचारलं, "दात दाखवू?"

"गरज पडली तर सांगेन."

गाडी सुरू करण्याआधी मात्र तो गंभीर झाला. "एक नियम आहे. आमच्या साइटवर कुणीही, मग तो इंजिनिअर असो की चहावाला, 'खलास' म्हणाला की क्रेन थांबते. का, ते तेव्हा विचारायचं नाही. उचललेलं सगळं जमिनीला टेकलं, की मग विचारायचं. माझ्या गाडीतही तसंच. मी म्हटलं तरी गाडी वळणार, तुम्ही म्हटलं तरी वळणार."

"मी कशाला म्हणेन? मी परत फिरायला आलेली नाही."

निझवा मागे पडलं. उजवीकडे जबल अख्दरचा उघडा, करडा डोंगर आणि त्याच्यावर काळवंडत चाललेलं आभाळ. उर्वी मांडीवर कॅमेरा घट्ट धरून बसली होती.

"इतका राग कुणावर?" जितेशने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"मंगळवारवर."

मंगळवारचं विमान होतं. तिचे बाबा, बाळकृष्ण सावर्डेकर, एकतीस वर्षं मस्कतमध्ये नकाशे काढून निवृत्त झाले होते. घरभर खोके होते आणि प्रत्येकावर बाबांच्या सुबक अक्षरात 'चिपळूण' लिहिलेलं होतं. उर्वीचा जन्म मस्कतचा, शाळा मस्कतची, नोकरी बौशरच्या ऑफिसात दुकानांच्या पाट्या डिझाइन करण्याची. चिपळूणला ती फक्त मे महिन्यात आंबे खायला गेलेली. बाबांच्याच व्हिसावर ती इथे राहत होती, आणि तो आता संपत होता, हे तिने एका दमात सांगून टाकलं.

"ऑफिस व्हिसा देत नाही का?"

"देतंय! साहेब स्वतः घरी आले होते विचारायला. रविवारपर्यंत कागदावर सही हवी, म्हणाले. आणि बाबांनी उत्तर दिलं... 'आमची उर्वी नको म्हणतेय.' मी तिथेच उभी होते. चहाचा ट्रे घेऊन."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

उर्वी दात आवळून म्हणाली, "साखर किती, असं विचारलं."

जितेशने ओठ घट्ट मिटले.

"हसू नका."

"हसलो नाही."

"गालाला खळी पडली!"

"ती जन्मापासून आहे."

"मग झाका," ती फणकारली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. राग बाबांवर नव्हता, हे तिला आता पहिल्यांदाच मोठ्याने ऐकू आलं होतं. सव्वीस वर्षांची मुलगी, सहा वर्षं कमावणारी... आणि तोंडातून निघाली ती साखर.

बहलाच्या पुढे जितेशने आतला रस्ता धरला. वारा एकदम फिरला. धुळीचा एक लोट गाडीवरून गेला आणि त्याच्यामागून गार, ओला वास आला, तापल्या दगडावर पाणी ओतल्यासारखा. उर्वीने काच खाली केली. समोर, तीन-चार किलोमीटरवर, पावसाचा राखाडी पडदा उभा होता. त्यात वीज उतरली. सरळ, जाड, पांढरी.

"ती बघा! चला... चला ना!"

पुढे रस्ता वादीत, म्हणजे डोंगरात पाऊस झाला की अचानक भरून वाहणाऱ्या कोरड्या नदीच्या पात्रात, उतरत होता. पाणी किती चढलंय ते कळावं म्हणून दोन्ही कडांना लाल-पांढरे खांब रोवलेले. वादी ठणठणीत कोरडी होती. मधोमध एक बकरी बसून रवंथ करत होती.

जितेशने गाडी थांबवली. उजवीकडे, वादी जिथून येत होती, तिथे डोंगर दिसेनासा झाला होता. तो दोन क्षण तिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "खलास."

"काय?"

त्याने गाडी वळवलीसुद्धा.

"अहो, कोरडी आहे ती! बकरी बसलीय मधोमध!"

"पाऊस वर पडतोय. पाणी निघालं असेल."

"असेल? *असेल*?" तिचा आवाज फाटला. "तुला काय रे, तू पुढच्या शुक्रवारी परत येशील! माझा पुढचा शुक्रवार चिपळूणला आहे! सव्वीस वर्षं थांबले मी या एका विजेसाठी, आणि तू... तू एका 'असेल'वर गाडी फिरवतोस?"

काठावरच्या उंच जागी गाडी नेऊन त्याने इंजिन बंद केलं. दोघं वाट पाहू लागले. दहा मिनिटं. अर्धा तास. पलीकडे विजा एकामागून एक पडत होत्या, पण लांब, धुळीआड. मग त्या विरळ झाल्या. पडदा फाटला, आभाळ राखेच्या रंगाचं झालं. बकरी कंटाळून उठली आणि निघून गेली.

पाणी आलं नाही.

"आलं नाही," जितेश म्हणाला. "मी चुकलो."

"एवढंच?"

"एवढंच. उद्या असंच आभाळ असलं, तर उद्याही वळेन."

आत्ता तिने त्याला कॅमेरा फेकून मारला असता. पण तो पुढे बोलू लागला, समोरच्या खांबांकडे बघत. "दोन वर्षांपूर्वी तुम्ही बसलात त्याच सीटवर तानाजी होता. माझा रूममेट. अशाच कोरड्या वादीपाशी तो खलास म्हणाला. मी हसलो... 'घाबरलास काय रे!' पाणी आलं तेव्हा आम्ही बरोब्बर मधे होतो. तीनशे मीटर वाहत गेलो. वाचलो दोघंही. बाहेर आल्यावर त्याने एकच विचारलं, 'ऐकलं होतंस ना?' त्यानंतर आजपर्यंत तो माझ्याशी बोललेला नाही."

उर्वीने कॅमेरा मांडीवर ठेवला. तिचा राग गेला नव्हता. फक्त त्याला बसायला जागा मिळेना.

परतीच्या रस्त्याला लागल्यावर तिला काय झालं कोण जाणे. अगदी खुन्नस म्हणून ती म्हणाली, "खलास."

जितेशने आरसा पाहिला, इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली. ते पुन्हा वादीच्या दिशेने जाऊ लागले.

पाच मिनिटांनी ती म्हणाली, "खलास."

गाडी पुन्हा वळली. त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती.

"वेड लागलंय का तुम्हाला? मी मुद्दाम म्हणतेय!"

"असेल."

"पेट्रोल जळतंय!"

"जळतंय खरं."

"विचारा ना मला, का म्हणून!"

"विचारायचं नसतं."

उर्वी काहीतरी म्हणाली आणि कुणीतरी वळलं, असं तिच्या आयुष्यात याआधी कधी झालं होतं, ते तिला आठवेना. तिने डोळे पुसले, चिडून, मनगटाने. आणि अगदी हळू, स्वतःलाच ऐकू यावं तितक्या आवाजात, तिसऱ्यांदा म्हणाली, "...खलास."

गाडी वळली. आणि समोर, मघाच्या मेलेल्या वादळाच्या जागेपासून खूप अलीकडे, एक नवा ढग उभा होता. मावळत्या उन्हाने त्याच्या कडा तांबूस झाल्या होत्या, पोट निळं-काळं होतं. त्याच्याकडे पाठ करून ते निघून गेले असते, तर त्यांना तो दिसलाच नसता.

"मघाच्या गार वाऱ्याने उठवला त्याला," जितेश पुटपुटला. "उतरा... नाही, उतरू नका! विजा आहेत. खिडकीतून काढा."

पहिल्या फोटोत वायपर आला. दुसऱ्यात जितेशचं कोपर. तिसऱ्या वेळी तिने श्वास रोखला, आणि ढगाच्या पोटातून निघालेली वीज फांद्या फुटत फुटत डोंगराच्या माथ्यावर उतरली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ती तशीच थांबून राहिली. मग पाऊस आला. टपोरा, तिरका, उघड्या खिडकीतून थेट तिच्या चेहऱ्यावर. काच वर घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

"मघाशी तुम्ही मला 'तू' म्हणालात," तो म्हणाला.

"रागात म्हणाले."

"मग रागावलेल्याच राहा."

"...राहीन. जमतं मला ते."

अल हैलला तिच्या इमारतीपाशी गाडी थांबली, तेव्हा समोरच्या मशिदीतून रात्रीची इशाची नमाज आटोपून लोक बाहेर पडत होते. उर्वीचे केस अजून ओले होते.

"मी उद्या सकाळी दुक्मला निघतो," जितेश म्हणाला. त्याच्या हाताची बोटं स्टिअरिंगवर उगाच काहीतरी वाजवत होती. "आणि एक सांगायचं होतं. आता मीही रागावलोय."

"कुणावर?"

"मंगळवारवर."

ती उतरली. या वेळी दार तिने हळूच लावलं.

शनिवारी सकाळी बाबा शेवटच्या खोक्याला टेप लावत होते. 'उर्वी – पुस्तकं – चिपळूण.' उर्वी दारात उभी राहिली. तिने हात पाठीमागे घट्ट धरले.

"बाबा, खलास."

"काय, टेप? आहे अजून एक."

"टेप नाही. मी येत नाही चिपळूणला. आज साहेबांना फोन करून मी हो सांगणार आहे."

टेपचा कर्र आवाज थांबला. "आणि हे आत्ता सांगतेस? तिकिटं काढून झाल्यावर? मला आधी सांगता येत नव्हतं?"

"तुम्ही मला विचारलं होतं?" तिचा आवाज चढला आणि तिने तो चढू दिला. "माझं उत्तर तुम्ही दिलंत, बाबा! मी समोर उभी होते!"

"समोर उभी होतीस, तर बोलली का नाहीस?"

"तीच चूक झाली. ती आता करत नाहीये."

"एकटी राहणार? कुठे?"

"बौशरला, ऑफिसच्या मुलींबरोबर. आणि ओरडू नका, मीही ओरडते मग."

आई, कलावती, भांडी कागदात गुंडाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "अहो, त्या दिवशी साहेबांनी साखर दोन चमचे सांगितली होती. चहात साखरेचा दाणा नव्हता. मला तेव्हाच कळलं होतं."

"मग तू तरी बोलायचं!"

"मला कुणी विचारलं?"

बाबा खोक्यावर बसले. बराच वेळ दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं, अगदी उर्वीचं होतं तसं. मग उठून त्यांनी कटर घेतला आणि आत्ताच लावलेली टेप एका रेघेत कापली.

"पुस्तकं तेवढी काढून घे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "उगाच वजन वाढतंय."

उर्वी गच्चीवर धावली. डोंगरांवर अजून काहीच नव्हतं, निळं रिकामं आभाळ. तिने फोन लावला.

"हॅलो?" पलीकडे वाऱ्याचा आवाज होता. "मी सिनावच्या पुढे आलोय. इथून पुढे रेंज जाईल. काय झालं?"

सांगण्यासारखं खूप होतं. व्हिसा, साखर, कापलेली टेप. पण त्यातलं काहीच तिने सांगितलं नाही.

"खलास," ती म्हणाली.

तिला फोनमधून स्पष्ट ऐकू आलं... टिक, टिक, टिक... इंडिकेटर.

"कारण?" असं त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, "अल हैललाच ना?"

"हो. आणि गाडी लॉक करू नकोस."