खुर्चीला दिलेलं आमंत्रण

सुयोग, त्या टिपांच्या प्रिंटा ठेव जरा बाजूला. निशा, तू पण बस. पुढच्या आठवड्यात बेल्जियमला निघालात ना? जा, मजा करा. पण ह्या टिपा ज्याने लिहिल्यात त्या सुबोधला मी तो अर्ध्या चड्डीत होता तेव्हापासून ओळखतो. आमच्याच वाडीतला, देवगडकडचा. इथे नाहूरला आपल्याच बिल्डिंगीत, सातव्या मजल्यावर राहतो. तीन दिवस ब्रूजला राहून आला आणि त्या गावाचा सरपंच झाला.

घंटाघराच्या तीनशे सहासष्ट पायऱ्या सकाळी चढा म्हणे. बोटीच्या रांगेत उभे राहू नका, कालव्याच्या कडेने चाला. रात्री मुक्काम करा, संध्याकाळी गर्दी ओसरते. अरे, ह्याला भांडुपला पाठवला तर तीन जणांना रस्ता विचारतो. पण त्याच्या प्रवासाच्या ग्रुपवर चार हजार लोक दादा म्हणतात, मग काय, डोक्यात हवा जाणारच.

नऊ नंबरची टीप वाचलीस? 'जुन्या घरात खोली घ्या.' हा असाच कालव्यावरच्या एका जुन्या घरात उतरला होता. खोलीत खिडकीपाशी एक लाकडी खुर्ची. घरमालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, ही दोऱ्याची लाकडी रिळं एकमेकांवरून फिरवत लेस विणणाऱ्या एका म्हातारीची. ती जाऊन खूप वर्षं झाली, पण ह्या खुर्चीवर आम्ही बसत नाही आणि तिच्याशी बोलतही नाही. एवढं सांगितल्यावर शहाणा माणूस गप्प राहील. ह्याने निघताना मोबाईल व्हिडिओला लावला, खुर्चीपुढे हात जोडले आणि म्हणाला, "आजी, येतो आम्ही. या एकदा आमच्याकडे नाहूरला. खोली रिकामीच आहे."

आपण दारात कोणालाही म्हणतो ना, या एकदा, आणि मनात म्हणतो येऊ नका, तसंच ते. व्हिडिओ झकास चालला.

आता ती खोली रिकामी का होती ते ऐका. ती त्याच्या आईसाठी घेतलेली. मंजुळाकाकी. नवरा गेल्यापासून गावी एकटी. दर फोनला विचारायची, "येव काय रे?" हा म्हणायचा, पुढच्या महिन्यात बघू. खुर्चीला 'या' म्हणाला आणि आईला 'बघू'. मला त्याची किळस येते ती ह्यासाठी, टिपांसाठी नाही.

दिवाळीनंतर त्याची पोरगी, प्रांजल, सहा वर्षांची, रात्री उठून त्या खोलीत जाऊन बसायला लागली. खिडकीकडे तोंड करून. हात हवेत चालायचे, डाव्यावर उजवा, उजव्यावर डावा, दोरे गुंफल्यासारखे. खाणं सुटलं. दोन डॉक्टर झाले. पोर हातातून जाते की काय असं वाटायला लागलं. सुबोधचं उत्तर तयार, मोबाईलची सवय आहे, जाईल. शेवटी त्याच्या बायकोने, नेत्राने, त्याला न विचारता सासूला बोलावून घेतलं. काकीला ठाणे स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे आलं.

गुरुवार, बारा डिसेंबर, दोन हजार चोवीस. मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार. गाडी रात्री पावणेदहाला आली. काकीकडे एकच पिशवी, त्यात कुळथाचं पीठ आणि सोलं. रिक्षात मला म्हणाली, "दत्ताराम, माज्या पोराक राग येतलो काय रे मी इलंय म्हणान?"

साडेदहाला आम्ही वर पोचलो. नेत्राची पूजा अजून मांडलेली होती. सुबोध सोफ्यावर, कोणाला तरी ब्रूजमध्ये फ्राईज कुठे खायच्या ते टाइप करत होता. आईला बघून म्हणाला, "अगं, कळवायचं तरी."

काकी पिशवी घेऊन तिच्या खोलीकडे गेली. दारातच थांबली.

आत अंधार होता. प्रांजल जमिनीवर बसलेली. हात चालू. तिच्यासमोर, खिडकीपाशी, एक साधी घरातली खुर्ची. रिकामी.

आणि आवाज. टक... टक टक... टक. लाकडावर लाकूड आपटल्यासारखा. प्रांजलच्या हातात काहीच नव्हतं. मी बघितलं. काहीच नव्हतं.

काकी हळूच म्हणाली, "सुबोध. ही पावणी कोणाची?"

सुबोध मागे येऊन उभा राहिलेला.

"तू घराक बोलयलंस मा हिका?"

सुबोधने मोबाईल पाठीमागे लपवला.

"बोलयलंस, आणि कोणी इचारल्यान नाय. पाणी दिलास नाय. मगे ती जातली कशी?"

टक टक... टक.

काकी नेत्राला म्हणाली, ओटी भर. तांदूळ होते, नारळ होता. खण एकच, पूजेतला हिरवा, आणि त्याचा एक कोपरा संध्याकाळी समईने जळलेला. "आई, हा जळका कसा देऊ?" काकी म्हणाली, "असूं दे. आता दुसरो खय मिळतलो?"

नेत्राने पाणी ठेवलं. खुर्चीच्या पाठीला हळद-कुंकू लावलं. खणात तांदूळ, नारळ. खुर्चीवर ठेवला.

काकीने हात जोडले. "बाय, पोराचा चुकला. आता तुज्या घराक जा."

आवाज थांबला.

पंखासुद्धा बंद होता.

मग प्रांजलचे हात मांडीवर पडले. "आजी, भूक लागली," म्हणाली. कोणत्या आजीला, ते मी विचारलं नाही. काकीने तिला उचललं, बाहेर आणलं, खोलीचं दार ओढून घेतलं.

सकाळी खुर्ची रिकामी. तांदळाचा दाणा नाही. सुबोध म्हणाला, कामवालीने उचललं असेल. कामवाली तेव्हा यायची होती. काकी आता त्याच खोलीत राहते, पोरगी तिच्या कुशीत झोपते, तब्येत सुधारली. हा पठ्ठ्या पुन्हा टिपा द्यायला मोकळा.

फेब्रुवारीत पुण्याचं एक जोडपं ह्याची टीप वाचून त्याच घरात, त्याच खोलीत उतरलं. ग्रुपवर फोटो टाकला. विचारलं, "दादा, खुर्चीवर हे कोणी ठेवलंय? घरमालक म्हणतात डिसेंबरपासून आहे, हात लावू नका."

रात्री दोनला बुटांवर सल्ला देणारा सुबोध. त्याने उत्तर दिलं नाही.

फोटो नेत्राने मला दाखवला. मी मोठा करून बघितला. हिरवा खण. त्यात नारळ.

खणाचा एक कोपरा जळलेला.