ओढ्याकाठचा दात

वाईजवळच्या ओढ्याकाठी चारुशीला पालथी पडून मातीत रुतलेला एक दात ब्रशनं साफ करत होती, तोच तिच्या मानेवर भसकन पाणी पडलं.

"मॅडम, चक्कर आली न्हवं तुमाला?" रिकामी बाटली धरून एक तरुण विचारत होता.

"मी काम करतेय!"

"पालथं पडून?..."

हा पृथ्वीराज. सैन्यातून सुट्टीवर आलेला. शेजारचा ऊस त्याच्याच घरचा. हसला की त्याचे डोळेही हसायचे, आणि चारुशीलाला राग आला तो नेमका त्याचाच.

मग तो रोजच येऊ लागला. ती सांगायची — लाखो वर्षांपूर्वीचं जनावर अख्खं कुठलं सापडायला! एका दाताच्या घड्या नि झीज पाहून त्याचं कूळ ठरवायचं. हा दात रानबैलाचा, पण फारच लहान. म्हणजे नवीच, बुटकी जात! तिची सगळी पीएचडी त्यावर उभी राहणार होती.

"नाव काय ठेवणार?"

"पाणी ओतून ज्यानं दात धुतला, त्याचं. शास्त्रीय नाव — पृथ्वीराजी."

"बैलाला माझं नाव? गावात तोंड दाखवायला जागा ठेवा की!" तो म्हणाला खरा, पण कान लाल झाले होते.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी मात्र तो हसत नव्हता. त्यानं रुमालातून जबड्याचा तुकडा काढला. "वरल्या वळणाला घावला. त्याच थरात. जागेचा फोटोबी काढलाय."

तुकड्यात तसाच लहान दात होता... आणि त्याखाली, हाडात, मोठा दात वर यायच्या तयारीत.

चारुशीलानं तुकडा उलटसुलट फिरवून पाहिला. "दुधाचा दात. हे तर वासरू — जुन्याच जातीचं! तिला नाव कधीच दिलंय. मीच घाई केली..."

"बघितल्याबरोबर कळलं मला. तुमीच शिकवलंय न्हवं?"

"मग आणलात कशाला? दडवला असता तर तुमचं नाव लागलं असतं!"

"आन् तुमी खोट्या पडला असता." त्यानं मान खाली घातली. "ते मला न्हाई बघवणार. लय जीव जडलाय तुमच्यावर..."

तिचे डोळे भरून आले. नवी जात गेल्याचं दुःख होतंच, पण तो उद्या जाणार याचं त्याहून जास्त होतं.

"दिवाळीला येशील?" तिनं विचारलं. पहिल्यांदाच एकेरीत.

"आजच रजा मागतो. पण... मॅडमच म्हणायचं का अजून?"

"म्हणून तर बघ!" चारुशीला म्हणाली, आणि पाण्याची बाटली त्याच्या मानेवर उपडी केली.