नाइट शिफ्टवाल्याची खोली

या गोष्टीत अमावस्या नाही आणि मध्यरात्रही नाही. जे झालं ते दिवसाउजेडी झालं. त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलं आहे. उरलेलं माझ्या सख्ख्या भावानं आणि भावजयीनं सांगितलं. दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं. उत्तरं जुळली.

मी वसुंधरा. दुर्गला राहते, एका हिंदी दैनिकात बातमीदार आहे. जे पडताळता येत नाही ते मी लिहीत नाही. हेही लिहिणार नव्हते.

जागा भिलाईतली. मरोद्याच्या बाजूला एक जुनी इमारत आहे. तिच्यातले फ्लॅट दोन मजल्यांचे आहेत. माझा धाकटा भाऊ पीयूष यानं मागच्या दिवाळीआधी त्यातला एक घेतला. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, आतूनच जिना, वर दोन बेडरूम.

आणि खालीच, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे, एक कोंदट खोली.

तिला एकच लहान खिडकी होती. काचेवर आतून काळा कागद चिकटवलेला.

"ही खोली पहिले काढायची," माझी भावजय समृद्धी म्हणाली. "किचन, डायनिंग, हॉल, सगळं एक. घरात शिरलं की जिन्यापर्यंत दिसलं पाहिजे."

काळा कागद कशासाठी, हे तिला कळलं नाही. मला आणि पीयूषला पाहताक्षणी कळलं.

आमचं लहानपण भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, क्वार्टरात गेलं. बाबा नाइट शिफ्ट करून सकाळी येत, जेवत आणि अशाच काळ्या कागदाच्या अंधारात झोपत. मग घर मुकं होई. कुकर ते येण्याआधीच होऊन जाई. बेलची तार काढलेली असे. आम्ही दोघं खुणांनी भांडायचो. नाइट शिफ्टवाला झोपला की त्याला उठवत नाहीत. तो स्वतः उठेपर्यंत कोणी बोलत नाही. भिलाईच्या आमच्या पिढीला हे शिकवावं लागलं नाही.

समृद्धी रायपूरची. वडील बँकेत. तिला हे ऐकून हसू आलं.

"तुम्हा भिलाईवाल्यांचं लहानपण म्हणजे लायब्ररीच की!"

फ्लॅट कौशल्याबाईंचा होता. त्यांचे यजमान देवाजी प्लांटमध्ये होते. ते गेले आणि काही वर्षांनी बाई मुलीकडे नागपूरला निघून गेल्या. इतकंच आम्हाला माहीत होतं.

भिंत पाडायच्या दिवशी मी तिथे होते.

ठेकेदार राजकुमार आणि त्याची माणसं सकाळी आली. ड्रिल सुरू झालं, घण सुरू झाले. गाणी, शिव्या, हसणं सगळं चालू होतं. दुपारी अर्धी भिंत उतरली...

आणि मला जाणवलं, की मी बराच वेळ एकही आवाज ऐकलेला नाही.

माणसं काम करत होती. विटा पडत होत्या. पण सगळे वाकून, जपून विटा खाली ठेवत होते.

राजकुमार माझ्याजवळ आला. अगदी कानाशी.

"दीदी... अंदर कोई सोया है क्या?"

"कोई नहीं है. क्यों?"

तो मागे बघून ओशाळला. "पता नहीं. लड़के सब धीरे-धीरे बोल रहे हैं. मैं भी."

मी हसले. हसलेही हळूच, हे नंतर लक्षात आलं.

जानेवारीत पीयूष आणि समृद्धी राहायला गेले. घर देखणं झालं होतं. जिथे खोली होती तिथे आता पांढरी फरशी, आणि वरून थेट जिन्याचा उजेड.

पहिल्या आठवड्यात समृद्धीनं फोन केला.

"ताई, कुकरची शिटी वाजत नाही."

"रबर बघ."

"नवीन आहे. डाळ शिजते, वाफ जाते. शिटी नाही..."

मग मिक्सर. तो फिरताना दिसायचा, पण दोन पावलांवर ऐकू यायचा नाही. टीव्हीचा आवाज कोणी कमी केलेला नसायचा, तरी तो कमी झालेला असायचा. हे सगळं सकाळपासून संध्याकाळपर्यंतच. दिवे लागले की घर पुन्हा इतर घरांसारखं.

पीयूषनं कारणही शोधलं. मोठा हॉल, उंच छत, आवाज फिरतो. मला पटलं.

त्यांची मुलगी मोनाली चार वर्षांची. अखंड बडबड करणारी पोर. एक दिवस मी गेले तर ती पांढऱ्या फरशीच्या कडेला चवड्यांवर चालत होती. मधे पाय ठेवत नव्हती. कडेकडेनं.

"मोना, काय खेळते?"

ती माझ्या कानाशी आली. "आत्या, हळू. ते झोपलेत ना."

पीयूष खुशीत होता. "ताई, पाहून राहिली न? आपला खेळ! बाबा झोपले आहे वाला."

"तू शिकवला?"

"म्या नाही शिकवला. तिनंच काढला. मंग मी तिले पूरे रूल सांगून देल्ले. ते उठेपर्यंत बोलायचं नाई. अन् त्याइले उठवायचं तं बिलकुलच नाई."

"पीयूष, कोणाले उठवायचं नाई?"

"अवं, खेळ आहे तो ताई."

चूक झाली ती इथे. पोरीला कोणीतरी दिसत होतं, आणि आम्ही तिला त्याच्याशी वागायची आमच्या घराची रीत शिकवली.

ती रीत तिनं पाळली. मोठ्यांपेक्षा चांगली पाळली.

आधी ती कुजबुजायची. मग नुसते ओठ हलायचे. मग तेही थांबले. शाळेतही, बाहेरही. कारण तो उठलेलाच नव्हता.

कान, घसा, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, घर बदललं की मुलं अशी करतात, थोडे दिवस जाऊ द्या.

मग एका दुपारी स्वयंपाकघरातल्या नव्या ड्रॉवरमध्ये मोनालीचं बोट चेमटलं.

समृद्धी समोरच उभी होती. पोरीचं तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताणल्या. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं...

आवाज नाही.

ती किंचाळत होती आणि आवाज नव्हता.

त्याच संध्याकाळी मी कौशल्याबाईंचा नंबर मिळवला.

"काकू, मी पीयूषची मोठी बहीण बोलते. ज्यानं तुमचा फ्लॅट घेतला."

"हो हो, बोल बाई. राह्यले आले काय सगळे? पाणी येते न बरोबर?"

"येते. थोडं काम काढलं होतं घरात. खालची मधली खोली काढून टाकली."

"काढली मंजे?"

"भिंत पाडली काकू. सगळा एकच हॉल केला."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो कोणीतरी बंद केला. मग बाई म्हणाल्या,

"मंग ते आता झोपतीन कुठी?"

मी विचारलं, "कोण, काकू?"

त्यांनी नाव घेतलं नाही. त्या पिढीच्या बायका घेत नाहीत.

"आमचे हे. नाइट करून आले, जेवले, झोपले. म्या पोट्ट्याइले दिवसभर चूप ठेवलं. बाजूची रुक्मा आली, तिले दारातूनच वापस धाडलं. संध्याकाळी चहा घेऊन गेली तं... अंग थंडं. डॉक्टर म्हणे, सकाळीच गेले असन. अन् आमी दिवसभर चूप."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"कोणी उठवलंच नाई बाई त्याइले. त्याइची झोप राहूनच गेली."

"आणि मग? तुम्ही त्या घरात कसे राहिलात?"

"चूप," त्या म्हणाल्या. "आमी चूपच राह्यलो."

फोन त्यांनी ठेवला. नंतर पुन्हा उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि मरोद्याला गेले. दोघांना सगळं सांगितलं. पीयूष म्हणाला, भिंत पुन्हा बांधू. राजकुमारला आत्ताच फोन करतो.

समृद्धी म्हणाली, "आणि माझी पोर आयुष्यभर मुकी ठेवू? काकू राहिल्या तशी?"

"मंग काय करतं?"

"कोणी उठवलं नाही ना त्यांना? मी उठवते."

"समृद्धी, नको. चिडते ते."

ती वळली. "कोण चिडतं, पीयूष? बोल ना. कोण?"

पीयूष दोन पावलं मागे सरकला होता. मीही सरकले होते.

तिनं चहा केला. कप घेऊन ती थेट पांढऱ्या फरशीच्या मधोमध गेली. मोनाली जिन्याच्या पायरीवर बसून बघत होती. तिचे डोळे मोठे झाले. ती आईकडे बघून जोरजोरात मान हलवत होती. नाही. नाही.

समृद्धीनं कप खाली ठेवला.

"अहो... उठा."

तिचे ओठ हलले. आवाज आमच्यापर्यंत आला नाही.

"उठा! टाइम झाला!"

कापूस कोंबलेल्या कानांनी ऐकावं, तसं काहीतरी आलं.

मग तिनं पोटातून ओरडून सांगितलं, "उठा! ड्युटीवर नाही जायचं काय?"

आणि...

लोखंडी पलंग करकरला.

त्या हॉलमध्ये पलंग नाही. लोखंडाचा तर कुठेच नाही. पण झोपलेलं जड माणूस उठून बसतं तेव्हा होते तीच करकर. आम्ही दोघांनी ती लहानपणी रोज ऐकली आहे.

त्याच क्षणी सगळे आवाज एकदम परतले. फ्रिज. पंखा. खाली भाजीवाल्याची हाक. शेजारच्या घरातली बातम्यांची धून. इतका गोंगाट, की मी कानांवर हात ठेवले.

बाहेरच्या दाराची लॅच आतून फिरली. दार उघडलं. हळूच लागलं.

"गेले!" मोनाली ओरडली. "आई, ते गेले! त्यांनी चहा नाही घेतला, थंड होता!"

कपातून वाफ येत होती.

पण त्या वेळी कपाकडे कोण बघतंय! पीयूष जिन्यावरच बसला आणि पोरीला छातीशी धरून हुंदके द्यायला लागला. ती बोलत होती. शाळेतलं, बोटाचं, कार्टूनचं, साठलेलं सगळं. समृद्धी मधेच म्हणाली, "आता चूप बस गं जरा," आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग आम्ही सगळे हसलो, खूप मोठ्यानं.

मी त्या रात्री तिथेच राहिले. निवांत झोप लागली.

आम्ही दोघं प्लांटवाल्याची मुलं. तरी एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही.

ड्युटीवर पाठवलेला माणूस सकाळी घरी येतो.

बेल एकदाच वाजली. मी स्वयंपाकघरात होते. दूधवाला असेल म्हणून हात पुसत आले, तोवर मोनाली दाराशी पोचली होती. तिनं दार उघडलं.

बाहेर कोणी नव्हतं.

ती दार धरून बाजूला झाली. दमून आलेल्या माणसाला वाट देतात तशी. मग तिनं दार लावलं.

"मोना... कोण आहे?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. तोंड मिटलेलं. माझ्या पाठीमागे फ्रिजची घरघर बंद पडली.

या वेळी कोणी वाद घातला नाही. कपडे आणि कागद घेऊन आम्ही दुपारच्या आत निघालो. निघताना, पोरीसाठी, समृद्धीनं दारातूनच त्याला पुन्हा ओरडून उठवलं. तिघंही माझ्याकडे दुर्गला आले. त्याच संध्याकाळी मोनाली बोलायला लागली. मरोद्याच्या घराला कुलूप लावलं ते आजही आहे.

समोरच्या फ्लॅटमधल्या नागसेनचा पीयूषला फोन यायचा. "भाऊ, सकाळी तुमची बेल वाजते. बहुत देर वाजते. कोणी नाई काय घरात?"

पीयूष सांगायचा, वायरिंगचा प्रॉब्लेम आहे.

"मंग कनेक्शन काटा न. बाहेर कोणी दिसत बी नाई, अन् वाजून राहिली."

पीयूषनं मीटरच बंद करवलं. तरी फोन येत राहिले.

मग मागच्या आठवड्यात नागसेन म्हणाला, "आता नाई वाजत भाऊ. बंद झाली." आम्हाला वाटलं, संपलं.

आज सकाळी माझ्या घराची बेल वाजली.

एकदाच.

मी खोलीतून धावले. मोनाली माझ्याआधी दाराशी होती. कडी तिनंच काढली होती. बाहेर कोणी नव्हतं, आणि ती बाजूला झाली होती.

आता दुपार झाली आहे. ती एक शब्द बोललेली नाही.

माझं घर लहान आहे. मधली खोली नाही. पलंग एकच, माझा. सकाळपासून त्यावर कोणी बसलेलं नाही. बसू नका असं कोणी सांगितलेलंही नाही. पीयूषनं पलंगाच्या खोलीचा पडदा ओढला आहे. मी हे स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टेकून लिहिते आहे.

समृद्धी गॅससमोर उभी आहे. तिनं चहाचं पातेलं उचललं आहे आणि माझ्याकडे बघून खुणेनं विचारते आहे... ठेवू का?

नाही उठवलं, तर पोर अशीच मुकी राहील. उठवलं, तर बोलेल. आणि उद्या सकाळी त्याच्यासाठी पुन्हा दार उघडावं लागेल.

मी अजून मान हलवलेली नाही.