परसदारचा ओ

प्रश्न : नवऱ्याचं नाव?

त्र्याहत्तर साली विलायतेच्या विमानतळावर मला हाच पहिला प्रश्न आला. आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मी खाली बघत राहिले. दुभाष्या बाईने पुन्हा पुन्हा विचारलं. मग साहेब तिला काहीतरी बोलला. ती म्हणाली, "बेन, यांना तुमचं लग्न खोटं वाटतं."

मला परतीच्या विमानात बसवलं. हे काचेपलीकडे उभे होते. भेट झाली नाही.

प्रश्न : मग?

मग पुन्हा सासरी, कामतघरला. आता मुंबईच्या कचेरीत बायकोचा व्हिसा मागायचा होता. तिथेही हेच विचारणार. या खेपेला गप्प राहिले, तर संसार काचेच्या दोन बाजूंनाच.

"घे गो नाव. सवय कर," सासूबाई म्हणाल्या. "मी कान झाकतंय."

"त्यांचं आयुष्य कमी झालं तर?"

"हितं तुझं तोंड बघून माझं कमी होतंय, त्याचं काय?"

शेजारच्या कापड कारखान्यात लूम खडखडत होते. त्या आवाजाच्या आडून मी म्हटलं, "——." (इथेही रेघच ओढते.)

गावच्या तलावाकडून "ओ" आला.

कुणी कुणाला हाक मारली असेल.

दुसऱ्यांदा नाव घेतलं, तेव्हा ओ परसदारी आला, शेवग्यामागून. जाऊन पाहिलं. वाळत घातलेलं लुगडं तेवढं हलत होतं, वारा नसताना.

शुक्रवारी लूम बंद. मी नाव घेतलं.

"ओ." मोरीतून. स्वच्छ.

सासूबाईंनी कानांवरचे हात काढले. "त्योच. जेवाया हाक मारली की असाच लांबवायचा." त्या रडत होत्या, हसतही होत्या. "बरा हाय गो माझा पोर."

मलाही हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी मी पोटभर जेवले.

प्रश्न : नवऱ्याचं नाव?

"——," मी मान वर करून मुंबईच्या साहेबाला सांगितलं.

बंद दाराबाहेरून "ओ" आला.

साहेबाने दाराकडे पाहिलं. दुभाषा हसला. "सोबत आलेत होय? आधी सांगायचं ना, वहिनी!"

शिक्का बसला.

बाहेर बाकावर सासूबाई एकट्या होत्या. शेजारची जागा त्यांनी पदराने पुसून ठेवली होती.

प्रश्न : भेट झाली?

झाली. काचेच्या एकाच बाजूला. वाळले होते, पण तेच. इतकं हलकं वाटलं, की भर गर्दीत मी मोठ्याने नाव घेतलं.

ते हसत पुढे आले. ओठ हलले. आवाज नाही.

"घाबरू नका, वहिनी," त्यांच्यासोबतचा मित्र म्हणाला. "तुमचा व्हिसा व्हायच्या आधी, एका शुक्रवारी याचा आवाज बसला. डॉक्टर म्हणतात, घसा चांगला आहे. येईल."

ते माझ्याकडे बघत होते. ओठ पुन्हा हलले.

"आलीस?"

त्यांचाच आवाज. माझ्या मागून. अगदी कानाशी.