ध्वजमाशाचा क्लेशांक

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घरात ठेवायला आता परवाना लागत असे आणि परवान्याबरोबर एक पेटी मिळत असे, आगपेटीएवढी. दर रविवारी टाकीतलं थोडं जुनं पाणी काढून नवं घालायचं असतं. ते जुनं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीवर ही पेटी बसवलेली असे. सुरुवातीचे दोन चमचे पाणी ती तपासायची आणि आकडा परस्पर सरकारी खात्याकडे पाठवायची. मासा किती त्रासात आहे ते सांगणाऱ्या त्या आकड्याला क्लेशांक म्हणत. सलग तीन आठवडे तो चाळीसच्या वर राहिला की मासा जप्त.

सांगलीच्या आरवाड्यांचा आकडा एकाहत्तर होता.

निरीक्षक शर्वाणी मयेकर त्यांच्या दिवाणखान्यात आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि हा तिचा त्या दिवसातला पाचवा मासा होता. पूर्वी जप्त केलेले मासे समुद्रात सोडत. प्रवाळाची बेटं मेल्यापासून सोडायला जागा राहिली नव्हती. आता पाण्यात लवंगतेल घालायचं. मासा आधी झोपतो, मग त्याचा श्वास थांबतो. तो वास शर्वाणीच्या पिशवीत इतका मुरला होता की मसालेभात तिने कधीच सोडला होता.

टाकीत एकच मासा होता. ताटलीसारखा चपटा, पिवळा-पांढरा, अंगावर रुंद काळे पट्टे आणि पाठीवरून निघालेली लांब पांढरी दोरी. ध्वजमासा. घरात पाळायला याच्याइतका अवघड मासा नाही. मोकळ्या समुद्रात मैलोन्‌मैल फिरून चरणारा हा प्राणी टाकीत आला की खाणं सोडतो आणि बहुधा वर्षाच्या आत जातो. आरवाड्यांकडे तो नऊ वर्षं होता.

"भाचा दुबईला जाताना ठेवून गेला," आरवाडे सर म्हणाले. ते आयटीआयमध्ये फिटरचा वर्ग घेत असत. "म्हणाला, मामा, महिनाभर बघा. अजून बघतोय."

"ह्यांनी बघितलं," त्यांच्या पत्नी इंदुमतीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "जैनाच्या घरात माशाला खायला शिंपल्यातली कालवं. त्यांचा फ्रिज वेगळा गच्चीवर ठेवलाय. कालवांच्या डब्याला मी अजून हात लावला नाही."

"सात वर्षं आकडा दोन-तीन, मग दोन वर्षं शून्य," शर्वाणी कागद बघत म्हणाली. "तीन आठवड्यांपूर्वी काय बदललं?"

"काही नाही ओ. पाणी ओढायचा रबरी हातपंप फाटला, तेवढंच."

"मग पाणी कसं काढता?"

"नळी तोंडानं ओढतो. रॉकेल काढायचे तसं. तोंडात खारं आलं की ते तसंच परत नळीत सोडायचं."

शर्वाणी खुर्चीवर बसली. सकाळपासून ती पहिल्यांदाच बसत होती.

"सर, जीव घाबरला की शरीरात एक द्रव्य तयार होतं. आम्ही त्याला ताणद्रव्य म्हणतो. माशाच्या कल्ल्यांतून ते पाण्यात झिरपतं. माणसाच्या थुंकीतही असतं. आणि दोघांचं द्रव्य एकच. पेटीला फरक कळत नाही."

"म्हणजे एकाहत्तर माझे?"

"तुमचे."

"ऐकलंस का," सर दाराकडे वळून म्हणाले.

"त्याला पेटी कशाला पाहिजे?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"माणसाला एकाहत्तर जास्त का हो, मॅडम?"

"माणसासाठी मर्यादा ठरलेली नाही."

तिने स्वतःचा पंप लावून नव्याने पाणी काढलं. पेटीवर शून्य आलं. इंदुमतीबाई निवांत होऊन चहा टाकायला गेल्या.

नियमाप्रमाणे काम संपलं होतं. पण दोन-तीन आणि शून्य यांत अंतर आहे हे शर्वाणीला प्रशिक्षणात शिकवलं होतं. तिने बोटाच्या पेराने काचेवर जोरात ठकठक केली. निरोगी मासा दचकतो. आकडा अर्ध्या तासात वीसपर्यंत चढतो आणि हळूहळू उतरतो. हा मासा जागचा हलला नाही. चहा झाला. अर्ध्या तासाने तिने पुन्हा पाणी काढलं. शून्य.

"फार काळ ताण राहिला की शरीर ते द्रव्य करणंच सोडतं," ती म्हणाली. "म्हणजे शून्याचे दोन अर्थ होतात. एक, त्याला काही त्रास नाही."

"दुसरा मला माहीत आहे," सर म्हणाले. "दोन वर्षं झाली. मी हात घातला तरी बाजूला होत नाही. घास पुढं धरला की तोंड उघडतो, गिळतो. बस्स." ते टाकीकडे वळले. "पंप दुकानात मिळतो ओ. आणला नाही. आकडा चढला, मग तर मुद्दामच आणला नाही. म्हटलं, का ते कळत नाही, पण येतील, घेऊन जातील. जीव घ्या असं आमच्या तोंडातून निघत नाही. तुम्ही तेलाची बाटली आणलीच आहे ना?"

"चाळीसच्या खाली मला परवानगी नाही. तुम्हालाही नाही, तो गुन्हा होईल. खाणं बंद केलंत तरी गुन्हा."

"म्हणजे?"

"म्हणजे तो समाधानी आहे. तसा दाखला द्यावा लागेल मला."

तिने दाखला लिहून दिला. सरांनी तो दोनदा वाचला.

इंदुमतीबाई कपबशा उचलत होत्या. "द्रव्य एकच म्हणता," त्यांनी विचारलं, "तर ही पेटी माणसांना लावत नाहीत का?"

"लावली. वृद्धाश्रमांत आणि मुलांच्या निरीक्षणगृहांत, न्हाणीच्या सांडपाण्यावर. मागच्या महिन्यात पहिले आकडे आले."

"कसे आहेत?"

"बहुतेक ठिकाणी शून्य," शर्वाणी पिशवी बंद करत म्हणाली. "खात्याने पेढे वाटले."

आरवाडे सरांनी कागदावरून मान वर केली.

"तुम्ही खाल्लात?"

"खाल्ला," ती म्हणाली.