निम्मी वर्गणी

डनीडिन शहरातला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. अशाच एका सकाळी इओना बेग छत्री सावरत बसमध्ये चढली, तिने कार्ड टेकवलं, आणि चालकाने तिच्या हाताकडे पाहत म्हटलं,

"अंगठ्यावरचा डाग… इस्त्रीचा ना?"

इओना थबकली. तिचा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नव्हता. हात मात्र ठाऊक होते. आठवड्यातून चार दुपारी ती लोकरी स्वेटरांना रफू करी आणि ते काम इंटरनेटवर लाइव्ह दाखवी. पडद्यावर फक्त हात आणि सुई. वर तिचा आवाज.

"तुम्ही बघता?"

"दोन पाळ्यांच्या मधे, डेपोत बसून. मी सेमिसी. चॅटमधला 'तिसरा गिअर'."

एकतीस महिन्यांचा वर्गणीदार. इओनाला एकाएकी आपले हात कुठे ठेवावेत हे कळेना. मागून कुणीतरी खोकलं.

"आत सरका," तो हसू दाबत म्हणाला. "नाहीतर लोक तुमच्यामुळे माझी तक्रार करतील."

ही वर्गणी महिन्याला नऊ डॉलर नव्वद सेंट होती. त्यातले निम्मे मंच चालवणारी कंपनी घेई. सुई न धरता, दोरा न ओवता. खंडणीच्या व्याख्येवर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. कंपनीने या वर्गणीला 'आपला परिवार' म्हणून तो वाद निकाली काढला होता. मोबदल्यात वर्गणीदाराच्या नावापुढे महिन्यांच्या आकड्याचा बिल्ला लागे, आणि महिन्यातून एकदा त्याचे चार शब्द सर्वांदेखत ठळक अक्षरांत झळकत. ते वाचून आभार मानायचे, ही रीत. इओना एकतीस वेळा म्हणाली होती, "थँक यू, तिसरा गिअर, तू आहेस म्हणून बरं वाटतं." हेच वाक्य ती सर्वांना म्हणे. त्यालाच म्हणताना ते खरं कधी होऊ लागलं, हे तिला सांगता आलं नसतं.

पुढचे तीन शनिवार त्यांनी स्टेशनाजवळच्या बाजारात गरम चीज-रोल खाल्ले. तो टोंगा बेटांवरून आलेल्या आईच्या गोष्टी सांगे. ती त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातला लोण्याचा थेंब पाही आणि नजर वळवी. चौथ्या शनिवारी त्याने तिचा हात हातात घेतला.

"इओना… मला तू—"

"थांब." तिने हात सोडवला नाही, एवढंच. "तू मला दरमहा पैसे देतोस, सेमिसी. मी हो म्हटलं तर ते गिऱ्हाइकाला खूश ठेवणं. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक गेलं. यातलं माझं काय, हे मला कसं कळणार?"

"पाच डॉलरसुद्धा नाही मिळत तुला माझ्याकडून."

"म्हणजे स्वस्तात विकली गेले, असं म्हणतोयस?"

तो ओशाळला. मग त्याने खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोरच वर्गणी रद्द केली. पडद्यावर उत्तर उमटलं: भरलेली मुदत संपेपर्यंत आपण परिवारातच आहात. अजून एकोणीस दिवस.

"विसाव्या दिवशी विचार," ती म्हणाली.

"तोवर?"

"तोवर चीज-रोलचे पैसे आपापले."

एकोणीस दिवस दोघांनी व्रतस्थासारखे काढले. चॅटमध्ये तो फक्त लोकरीच्या रंगाबद्दल बोले. ती फक्त लोकरीच्या रंगाबद्दल उत्तर देई. विसाव्या दिवशी दुपारी दोन वाजता इओनाने सुई हातात घेतली तेव्हा 'तिसरा गिअर'पुढचा बिल्ला गेलेला होता. ते बोडकं नाव पाहून तिचा टाका चुकला.

आणि मग इन्व्हरकार्गिलच्या ग्लेनिस नावाच्या एका उदार आजींनी पाच वर्गण्या दान केल्या. असं दान कुणाला जावं हे कंपनीचं यंत्र परस्पर ठरवतं. देणाऱ्याला निवड नसते, घेणाऱ्याला नकार नसतो. चार वर्गण्या भलत्यांनाच गेल्या. पाचवी 'तिसरा गिअर'ला. बिल्ला परत आला. आणखी तीस दिवस.

त्याने लिहिलं, "मी काही केलं नाही…"

इओनाने रीतीप्रमाणे ग्लेनिसचे आभार मानले. सुई उशीत टोचली. मग तिने त्याच्या नावावर बोट ठेवलं, पर्यायांची यादी उघडली आणि त्याला आपल्या वाहिनीवरून कायमचं हद्दपार केलं, वर्गणीसकट.

चॅटमध्ये लिहिणाऱ्यांची झुंबड उडाली.

"अगं, तो तर सगळ्यांत सभ्य," ग्लेनिसनी लिहिलं. "काय गुन्हा केला बिचाऱ्याने?"

"काहीच नाही, आजी." तिचा आवाज संथ होता, हात मात्र उशीतली सुई काढून परत टोचत होते, आणि ते सर्वांना दिसत होतं. "तो मला आवडतो. आणि त्यातलं निम्मं कंपनीला द्यायची माझी तयारी नाही."

टेबलावरचा फोन वाजला. तिने उचलला.

"इओना, मला बाहेर काढलंय," सेमिसी म्हणाला. "कारण नाही दिलं."

"शेवटचं काय ऐकलंस?"

"आजींचे आभार. मग पडदा काळा."

म्हणजे लाइव्ह पाहणाऱ्या त्रेसष्ट माणसांना कळलेली गोष्ट त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हती. इओनाला हसू आलं, आणि ते तिने लाइव्ह बंद करेपर्यंत आवरून धरलं.

"कुठे आहेस?"

"डेपोत. पाळीला अजून दीड तास आहे."

"तिथेच थांब," ती म्हणाली. "कारण घेऊन मी येतेय."